बेळगाव-निपाणी मुलूख : यात्रेपासून पर्यटनापर्यंत

बेळगाव तीन मुलखांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला सह्याद्री उतरला की कोकण आणि गोवा, उत्तरेला निपाणीपलीकडे कोल्हापूर, आणि मलप्रभा ओलांडून पूर्वेला गेले की काळ्या मातीचा कन्नड मुलूख. कोकणातले मीठ, नारळ आणि सुपारी घाटावर यायची, घाटावरचे धान्य, गूळ आणि कापूस खाली बंदराला जायचा, आणि ही सगळी ये-जा याच पट्ट्यातून होत असे. या वाहतुकीबरोबर माणसेही आली. कोणी देवाला आले, कोणी व्यापाराला, कोणी छावणीत चाकरीला, पुढे कोणी सभेला नि संमेलनाला. सरकारने पर्यटन नावाचे खाते काढण्याच्या कित्येक शतके आधीपासून हा मुलूख पाहुण्यांचा राबता सांभाळत आला आहे. आजच्या पर्यटनदिनांचा आणि पर्यटनसप्ताहांचा विचारही याच इतिहासापासून करावा लागतो.

जुन्या राजधान्यांपासून सुरुवात केली, तर खानापूर तालुक्यातली हलशी आधी येते. पलाशिका या नावाने ती कदंबांची महत्त्वाची नगरी होती. तिथले भूवराह-नरसिंहाचे मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले. जवळच देगावला कमलनारायणाचे मंदिर आहे. त्याच घराण्यातली राणी कमलादेवी हिच्या नावाशी ते जोडलेले आहे, आणि त्याचे कोरीवकाम या भागातल्या कोणत्याही देवळाच्या तोडीचे आहे. सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला हलवली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बेळगावच्या किल्ल्यात नेमिनाथाचे जिनालय बांधले. छतातून खाली उमललेल्या दगडी कमळामुळे लोक त्याला कमल बस्ती म्हणतात. विजापूरच्या आदिलशाहीत असदखान लारीने याच किल्ल्यात साफा मशीद उभारली. जिनालय, मशीद आणि अलीकडचा रामकृष्ण आश्रम एकाच तटाच्या आत पायी फिरून पाहता येतात. एवढ्याशा जागेत इतका इतिहास दाटलेली ठिकाणे दख्खनमध्ये थोडीच असतील.

राजधान्या मात्र सरदार, व्यापारी आणि शिल्पी यांना ओढून आणत. साध्या माणसाला वर्षातून एकदा घराबाहेर काढले ते यात्रेने, आणि या भागात यात्रा म्हटली की पहिले नाव सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्माचे.

बेळगावपासून सुमारे ८० किलोमीटरवर सौंदत्ती आहे आणि गावाबाहेर यल्लम्माचा डोंगर. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले भाविक सौंदत्तीला जातो असे फारसे म्हणत नाहीत. ते ‘डोंगराला’ जातात. मार्गशीर्ष आणि माघ या दोन पौर्णिमा मुख्य. मार्गशीर्षातली ती रांडाव पुनव आणि माघातली अहेव पुनव. पुराणातल्या कार्तवीर्याने रेणुकेचा पती जमदग्नी याला मारले तेव्हा ती विधवा झाली, आणि जमदग्नी पुन्हा जिवंत झाल्यावर तिला सौभाग्य परत मिळाले, या कथेवर ही दोन नावे उभी आहेत. जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ करायची, मग डोंगर चढायचा, भंडारा उधळायचा, परडी भरायची आणि ‘उदो गं आई उदो’चा गजर करायचा, असा रिवाज. डोंगराच्या माळावर गावागावाची मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी उतरते. तिथेच तीन दगडांची चूल मांडून नैवेद्य शिजवते आणि चौंडक्याच्या तालावर रात्र जागवते.

पूर्वी ही वाट बैलगाडीने किंवा पायी तुडवली जाई. गाव सोडल्यापासून परत येईपर्यंत कैक दिवस लागत. वाटेतल्या विहिरी, आमराया, नदीचे उतार आणि देवळांच्या ओवऱ्या हेच मुक्कामाचे टप्पे होते. एसटी आल्यावर वेळ कमी झाला आणि गर्दी वाढली. कोल्हापूरच्या पेठांतली भक्त मंडळे आजही एसटीच्या गाड्या प्रासंगिक करारावर ठरवून डोंगराला जातात. परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वरण्या-वांग्याची भाजी आणि वड्या यांचा नैवेद्य दाखवून मगच यात्रा पुरी झाली असे मानतात. म्हणजे सौंदत्तीची यात्रा डोंगरावर संपत नाही, ती कोल्हापुरात येऊन संपते. दोन राज्यांना जोडणारा इतका जुना आणि इतका जिवंत प्रवास या भागात दुसरा नाही.

या यात्रेची काळी बाजूही सांगायलाच हवी. देवीला मुली सोडण्याच्या चालीने पिढ्यान्पिढ्यांच्या बायकांचे आयुष्य नासवले. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली या चालीविरुद्ध कायदे झाले. निपाणी, गडहिंग्लज आणि बेळगाव या पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी देवदासींच्या पुनर्वसनासाठी केलेले काम या मुलखाच्या सामाजिक इतिहासातले एक मोठे पर्व आहे. डोंगराचा इतिहास लिहिताना या बायकांना वगळले, तर तो इतिहास खोटा ठरेल.

सौंदत्तीखालोखाल रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काचे नाव घ्यावे लागते. माघात भरणाऱ्या तिच्या यात्रेला सांगली-कोल्हापूरकडून बैलगाड्यांचे तांडे येत. गाड्या सजवणे, बैलांची निगा राखणे आणि माळावर गाड्या सोडून मुक्काम ठोकणे हा त्या यात्रेचाच भाग होता. जैनांसाठी निपाणीजवळच्या स्तवनिधीला तसेच महत्त्व आहे. ब्रह्मनाथाच्या दर्शनाला दक्षिण महाराष्ट्रातला शेतकरी जैन समाज तिथे पिढ्यान्पिढ्या येत आहे. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना याच स्थळी झाली. देवासाठी जमलेल्या माणसांनी शिक्षणाचा आणि समाजसुधारणेचा विचार सुरू केला आणि त्यातून पुढे वसतिगृहे उभी राहिली. निपाणीचा पीराने पीर दस्तगीर साहेबांचा उरूस संत बाबामहाराज चव्हाण यांच्या नावाशी जोडलेला आहे. गलेफ चढवायला हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतली माणसे जातात.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांची महालक्ष्मी यात्रा मात्र या साऱ्यांहून वेगळी. ती दरवर्षी भरत नाही. कुठे पाच वर्षांनी, कुठे दहा-बारा वर्षांनी, तर कुठे त्याहूनही जास्त अंतराने गावाची पाळी येते. देवीच्या लग्नाच्या अक्षता पडतात, मूर्तीचा होन्नाट गावभर फिरतो, देवी गदगेवर बसते आणि शेवटी सीमेकडे प्रयाण करते. त्या दिवसांत घरोघर जेवणावळी उठतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेले मुलगे, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, सगळे येतात. त्यासाठी घरांना रंग दिला जातो, वाढीव खोल्या बांधल्या जातात, रस्ते दुरुस्त होतात. कित्येक गावांत नवी घरे आणि गटारे कधी झाली हे ‘मागच्या यात्रेला’ असे सांगूनच कळते. पाहुणचारासाठी गाव उभे करण्याची ही रीत कोणत्याही खात्याच्या योजनेहून जुनी आहे, आणि ती जास्त नेमाने पाळली जाते.

यात्रांच्या या जुन्या वाटांना इंग्रजी अमलात नव्या वाटा जोडल्या गेल्या. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा केला गेला. हवा थंड, पाणी चांगले आणि जागा मोक्याची म्हणून इंग्रजांनी इथे मोठी छावणी वसवली. छावणीला लागणारा माल समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरत असे. तो वर आणण्यासाठी आधी राम घाट आणि मग आंबोलीचा घाट गाडीवाटेचा झाला. आज लोक पावसाळ्यात धबधबे पाहायला ज्या आंबोलीला जातात, ती थंड हवेची जागा म्हणून नावारूपाला आली ती या रस्त्यामुळेच. वाटेवर साहेबांसाठी डाक बंगले झाले आणि देशी वाटसरूंसाठी धर्मशाळा. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. जिल्ह्यातली ठिकाणे, देवळे, जत्रा आणि रस्ते यांची नीट लावून दिलेली माहिती त्यात आहे. तो कारभारासाठी लिहिला गेला, पण पुढच्या बहुतेक प्रवासवर्णनांनी आणि माहितीपुस्तिकांनी कळत-नकळत त्याच्याच आधारावर काम भागवले.

खरा बदल केला तो आगगाडीने. सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही वाट १८८० च्या दशकात आखली गेली आणि टप्प्याटप्प्याने खुली झाली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरून मुरगाव बंदराला जाणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली. आता मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस रात्रीच्या प्रवासाने बेळगावात उतरू लागला. गोकाक रोड, चिकोडी रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची ही स्थानके आसपासच्या यात्रांची आणि बाजारांची दारे ठरली. चिंचलीचा भाविक गाडीने येऊ लागला. निपाणी मात्र रेल्वेपासून लांबच राहिली. तिचे भाग्य पुणे-बेंगळूर रस्त्यावर उभे राहिले. तंबाखूच्या वखारी, विडीचे कारखाने, ट्रकची रांग आणि रस्त्याकडेची खानावळ असे त्या गावाचे रूप झाले. निपाणी पाहायला म्हणून कोणी येत नसे, पण निपाणीला थांबला नाही असा त्या वाटेवरचा प्रवासी विरळा.

गोकाकचा धबधबा या रेल्वेनेच बाहेरच्या जगाला दाखवला. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. भर पावसाळ्यात तिचे पाणी तांबूस आणि गढूळ असते, आणि पुलावर उभे राहिले की बोलणे ऐकू येत नाही. काठावर चालुक्य धाटणीची जुनी देवळे आहेत. पात्रावर तारांचा झुलता पूल आहे. १८८७ मध्ये पाण्याच्या बळावर सूतगिरणी सुरू झाली आणि धबधब्याच्या डोक्यावर कामगारांचे गाव वसले. निसर्ग, देऊळ आणि गिरणी यांचे असे एकत्र दर्शन दुसरीकडे क्वचितच घडते. येणाऱ्या माणसाला गोकाकने करदंट दिले. डिंक, गूळ आणि सुका मेवा घालून केलेली ही वडी टिकाऊ, म्हणून प्रवासात बरोबर न्यायला उत्तम. बेळगावचा कुंदा आणि मांडे हेही पाहुण्याच्या पिशवीतून दूरवर गेले. मांडे करणे हे कौशल्याचे काम. उपड्या तापल्या भांड्यावर कागदासारखी पातळ पोळी टाकणाऱ्या हातांवर ते टिकून आहे, आणि असे हात आता कमी होत आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेळगावला आणखी एका प्रकारचा पाहुणा येऊ लागला. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी भाटे वकिलांच्या घरी आणि मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ते राहिले. तेव्हा ते परिव्राजक होते, शिकागोची परिषद अजून व्हायची होती. हरिपद मित्र यांचे किल्ल्यातले राहते घर आज रामकृष्ण आश्रमाने स्मारक म्हणून जपले आहे. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली. १९२५ साली निपाणीला प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले.

या सर्वांत मोठा पाहुणचार बेळगावने केला तो डिसेंबर १९२४ मध्ये. काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरला टिळकवाडीच्या माळावर भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी उभारणी अंगावर घेतली. माळावर विजयनगर या नावाने एक तात्पुरते नगरच वसले. तंबू, झोपड्या, भोजनगृहे, प्रदर्शन, दिवाबत्ती, सगळे नव्याने करावे लागले. प्रतिनिधींना थेट मंडपाजवळ उतरता यावे म्हणून तात्पुरते रेल्वे स्थानक केले गेले. पाण्यासाठी मोठी विहीर खोदली, तिला पंपा सरोवर नाव दिले. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने बंदोबस्त आणि स्वच्छता पाहिली. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत पुढे मोठ्या गायिका झालेल्या गंगूबाई हनगल होत्या. त्याच दिवसांत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू महासभेची बैठकही बेळगावात झाली. एका मध्यम आकाराच्या गावाने देशभरातून आलेल्या माणसांचे राहणे, जेवणे आणि पाणी यांची सोय कशी लावावी, याचा हा वस्तुपाठ होता. अधिवेशन उठले, मांडव सुटले. विहीर राहिली आणि ‘काँग्रेस विहीर’ या नावाने पुढे शहराच्या उपयोगी पडली. पाहुण्यासाठी केलेली सोय यजमानाला कायमची लाभावी, ही त्या आयोजनाची सर्वांत मोठी कमाई मानली पाहिजे.

मराठी माणसाच्या दृष्टीने १९४६ चे साहित्य संमेलन तितकेच मोठे. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या त्या बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या लेखणीतून आलेल्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रामुळे बेळगाव न पाहिलेल्या वाचकालाही हे गाव, तिथली मराठी आणि तिथला जिव्हाळा ओळखीचा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनही बेळगावात भरले.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर आणि निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाची कहाणी मोठी आहे आणि ती अजून न्यायालयात आहे. प्रवासाच्या इतिहासापुरता त्याचा परिणाम मात्र नोंदवलाच पाहिजे. एकच यात्रापट्टा दोन राज्यांच्या कागदांत विभागला गेला. कर्नाटकाचे पर्यटन विकास महामंडळ १९७१ चे, महाराष्ट्राचे १९७५ चे. एकाच्या माहितीपत्रकात कोल्हापूर-पन्हाळा येतो, दुसऱ्याच्या माहितीपत्रकात म्हैसूर, हंपी आणि बदामी. बेळगाव दोन्हींच्या काठावर पडले. सीमेवर तणाव वाढला की पहिला फटका एसटीला बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या, तेव्हा अडकले ते नेते नव्हते, रोजचे प्रवासी अडकले.

देशपातळीवर पर्यटनाचा विचार सुरू झाला तो १९४५ मध्ये, सार्जंट समिती नेमली गेली तेव्हा. देशी आणि परदेशी दोन्ही प्रवाशांसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, असे समितीने सुचवले. १९४९ मध्ये केंद्रात पर्यटनाची शाखा निघाली, १९५८ मध्ये स्वतंत्र विभाग झाला आणि १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. सुरुवातीची बरीच वर्षे लक्ष परकीय चलन आणणाऱ्या पाहुण्याकडे होते. १९९१ हे ‘भारत भेट वर्ष’ होते, २००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम निघाली. घरच्या प्रवाशाचे महत्त्व नंतर ओळखले गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये देशभर ‘पर्यटन पर्व’ झाले, जानेवारी २०२० मध्ये ‘देखो अपना देश’ उपक्रम सुरू झाला. २७ सप्टेंबरचा जागतिक पर्यटन दिन १९८० पासून पाळला जातो, आणि भारतात २५ जानेवारी हा राष्ट्रीय पर्यटन दिन आहे. अशा निमित्तांनी निबंध आणि चित्रकला स्पर्धा, वारसास्थळांची फेरी, किल्ल्यांची स्वच्छता आणि छायाचित्रांची प्रदर्शने होतात.

बेळगाव जिल्ह्यात सरकारी उत्सवांपैकी खऱ्या अर्थाने रुजला तो कित्तूर उत्सव. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याने कंपनीच्या फौजेचा पराभव केला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्या विजयाच्या स्मरणार्थ दरवर्षी ऑक्टोबरात कित्तूरला उत्सव भरतो. २०२४ मध्ये त्या लढाईला २०० वर्षे झाली आणि त्याच वर्षाअखेरीस गांधींच्या अधिवेशनाला १००. चन्नम्माचे माहेर बेळगावजवळचे काकती, आणि तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला फाशी झाली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, २६ जानेवारी १८३१ रोजी. कित्तूर, काकती आणि नंदगड एकाच दिवसात जोडून पाहता येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रमुख पर्यटनस्थळांच्या विकासासाठी राज्यांना दिलेल्या भांडवली साहाय्यात सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरासाठी सुमारे १०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी पुणे-हुबळी आणि पुढच्या वर्षी बेंगळूर-बेळगाव वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. भीमगडच्या जंगलाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर येणाऱ्यांची संख्या वाढत आहे. साधने वाढली आहेत यात शंका नाही.

तरीही डोंगराला येणाऱ्या बाईला लागतात त्या गोष्टी फार साध्या आहेत. जोगुळभावीला आडोशाची आंघोळीची जागा, चढावर पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, रात्री माळावर उजेड, आणि तिला वाचता येईल अशा कन्नड नि मराठी दोन्ही लिपींतल्या पाट्या. १९२४ साली माळावर विहीर खोदताना आयोजकांनी जो विचार केला, तोच इथे करायचा आहे. पर्यटन सप्ताहाचा एक तरी दिवस किल्ल्यातल्या फेरीऐवजी मार्गशीर्ष पौर्णिमेच्या तयारीला द्यावा, आणि तयारी कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी एकत्र बसून ठरवावी.